ओल आणि ओलावा

मराठी समीक्षेत एखाद्या लेखनाला ‘कोरडे’ म्हटले की त्या लेखकाची बाजू बहुधा तिथेच संपते. ‘ओलावा’ हा शब्द मात्र सर्वस्वी गौरवाचा. नात्यात ओलावा असावा, शैलीत असावा, आठवणींत तर असावाच असावा. कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश, कोरडे पाषाण अशी सगळी भाषाच ओलीच्या बाजूने उभी आहे. आम्ही दोघेही पंचवीसहून अधिक वर्षे मराठी शिकवत आलो आहोत आणि उत्तरपत्रिकांच्या समासात ‘विवेचन कोरडे’ हा शेरा आम्ही किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. २०१९ च्या पावसाळ्यापासून तो लिहिताना हात अडखळतो. कारण वाङ्मयीन नाही, घरगुती आहे. (या लेखातले ‘आम्ही’ निबंधमालेच्या थाटाचे नव्हे, हेही सांगून टाकावे. घरात माणसे दोन आहेत, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याचा दोष एकट्याने घेण्यासारखा नाही.)

अण्णा २०१६ साली गेले. आमच्यापैकी एकाचे ते वडील, दुसरीचे सासरे, आणि दोघांचेही शिक्षक. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन हजारांच्या आसपास पुस्तके होती, ‘सत्यकथे’चे बांधून घेतलेले अंक होते आणि त्यांच्या हातच्या एक्केचाळीस वह्या होत्या. २०१७ च्या जानेवारीत हा सारा संसार टेम्पोतून ठाण्याला आला. जानेवारीत ठाण्याची हवाही बरी असते, त्यामुळे आपण काय करतो आहोत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, ठाण्यात त्याच्या तिपटीहून अधिक. शिवाय खाडी उशाशी. अण्णांनी आयुष्यभर पुस्तकांची फारशी निगा राखली नव्हती. धूळ झटकणेसुद्धा दिवाळीला. ती निगा पुण्याची हवा राखत होती, आणि टेम्पोत हवा भरून आणता येत नाही.

सदनिका लहान. दिवाणखान्याच्या एका भिंतीला चार लोखंडी कपाटे आणि दोन लाकडी मांडण्या अगदी चिकटवून लावल्या. चिकटवून हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिल्याच पावसाळ्यात घराला वास येऊ लागला, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की तो आम्हांला आवडला. जुन्या पुस्तकांचा वास या विषयावर आमच्यापैकी एकाने पूर्वी एक ललित लेखही लिहिला होता. तो कोणी शोधू नये. जुन्या कागदाला स्वतःचा असा वास असतोच. त्यातले सेल्युलोज आणि लिग्निन हळूहळू विघटित होतात, त्यांतून उडणारी द्रव्ये सुटतात आणि तो गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा गंध येतो. पण जुलैमध्ये आमच्या दिवाणखान्यात येत होता तो हा नव्हे. तो बुरशीचा होता. मराठीला हा फरक ठाऊक आहे. कुबट, कोंदट, सर्द, आंबूस, सादळलेले, बुरसलेले – इतके बारकावे असलेले शब्द ज्या भाषेने घडवले तिच्या नाकाला दोष देता येत नाही. दोष आमचा. ‘बुरसटलेले विचार’ ही शब्दसंहती आम्ही वर्गात शेकडो वेळा उच्चारली असेल; बुरसटणे म्हणजे काय ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर करड्या-हिरव्या लवेच्या रूपाने समोर असताना आम्ही त्याला ओलावा समजत होतो.

तीन पावसाळे असे गेले. मुलीचा खोकला दरवर्षी जुलैत सुरू होई आणि ऑक्टोबरात थांबे. आम्ही तो शाळेच्या नावावर टाकला, मग वर्गातल्या पंख्याच्या, मग आइस्क्रीमच्या.

ऑगस्ट २०१९ मधल्या एका रविवारी आम्ही पुस्तके साफ करायला काढली. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून खिडक्या बंद होत्या. सगळी पुस्तके दिवाणखान्यात जमिनीवर मांडली आणि कोरड्या फडक्याने एकेक पुसू लागलो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. आजोबांची पुस्तके म्हणून हौसेने मदतीला बसली. बुरशीवर कोरडे फडके मारले की तिचे बीजाणू हवेत उधळतात, ते इतके सूक्ष्म असतात की तासन्‌तास तरंगत राहतात, आणि बंद खोलीत जायला त्यांना दुसरी जागा नसते, हे आम्हांला माहीत नव्हते. माहीत करून घेणे अवघडही नव्हते. रात्री अडीचच्या सुमारास ती उठून बसली. बोलता येत नव्हते. खांदे वर ओढून ती श्वास आत घेत होती आणि बाहेर सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिची नखे निळसर दिसली की आम्हांला तसे वाटले, यावर आमचे आजही एकमत नाही. रुग्णालयात नेबुलायझर लावल्यावर पहाटे ती झोपली. आमच्या दोघांच्या हातांना तेव्हाही पुस्तकांचा वास येत होता.

ज्या डॉक्टरांकडे पुढे उपचार सुरू झाले त्यांनी छाती तपासण्याआधी घराची चौकशी केली. भिंतीला ओल आहे का, कपडे कुठे वाळत घालता, गादी किती जुनी, उदबत्ती लावता का, पुस्तके किती? शेवटच्या प्रश्नाला आम्ही जरा अभिमानानेच उत्तर दिले, आणि त्यांनी ते कागदावर लिहून खाली रेघ ओढली. त्वचेवरच्या चाचणीत दोन गोष्टी निघाल्या, बुरशी आणि धुळीतले माइट. हे माइट एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत. लागणारे सगळे पाणी हवेतल्या बाष्पातून घेतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. खोलीची आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. त्यांचे माहेर पुस्तकांत नव्हे तर गादी-उशीत. तेव्हा डॉक्टरांनी आधी गादी बदलायला लावली, घट्ट विणीचे आवरण घालायला सांगितले आणि चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवायला सांगितल्या. बुरशीबद्दल मात्र त्यांनी एकच वाक्य उच्चारले : तिला मारत बसू नका, तिचे पाणी तोडा.

पाणी कुठून येते हे शोधण्यासाठी आम्ही आर्द्रतामापक आणला. हातात मावेल एवढा, पडद्यावर दोन आकडे. दिवाणखान्याच्या मध्यभागी त्याने ८१ दाखवले. कपाट दोन माणसांनी ओढून त्याच्या मागे ठेवला तेव्हा अर्ध्या तासात ९४ वर गेला. पलीकडे भिंत काळी ठिपकेदार झाली होती, कपाटाच्या आकाराएवढीच, जणू कपाटाची सावली भिंतीत मुरली होती. ती बाहेरची भिंत असती तर गळती म्हणून सोडून दिली असती. पण ती आतली, दोन खोल्यांमधली होती. पलीकडे मुलीची झोपायची खोली. तिला उकडू नये, झोप नीट लागावी म्हणून तिथे वातानुकूलन यंत्र रात्रभर २२ अंशांवर चालत असे.

पुढचे गणित शाळेच्या पुस्तकातले आहे. हवा जितकी उबदार तितके अधिक बाष्प ती धरू शकते. २० अंशांना घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. आपण जिला सापेक्ष आर्द्रता म्हणतो ती या क्षमतेचा भरलेला हिस्सा. हवा थंड झाली की क्षमता आकसते आणि तेच बाष्प तिला जड होऊ लागते. २९ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांच्या पृष्ठभागापाशी गेली की जवळजवळ संपृक्त होते. मुलीच्या खोलीतला गारवा त्या चार इंची भिंतीतून अलीकडे येत होता, दिवाणखान्यातली दमट हवा कपाटामागच्या बोटभर फटीत अडकत होती आणि तिथे रोज रात्री निमूटपणे पाणी सोडत होती. तिच्या सुखाचे यंत्र तिच्या दुखण्याला पाणी घालत होते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर असते तर फटीतून हवा खेळती राहिली असती. वीतभर.

उरलेले पाणी आम्हीच घालत होतो. पावसाळ्यात वाळत घातलेल्या एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी घरच्या हवेत उतरते. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाणी तयार होते, एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो. म्हणजे १४.२ किलोंचे एक सिलिंडर संपेपर्यंत वीसहून अधिक लिटर पाणी वाफ होऊन ओट्यावरून घरात पसरलेले असते, भाताच्या वाफेचे वेगळेच. बाहेर टाकणारा पंखा होता. आवाज करतो म्हणून आम्ही तो लावत नसू.

आधीच्या तीन वर्षांतले आमचे उपायही सांगण्यासारखे आहेत. कपाटांत डांबरगोळ्या ठेवल्या. त्यांनी कसरीला थोडा धाक बसला असेल, ओलीला नाही, आणि ती वाफ मात्र सगळ्यांच्या श्वासात गेली. वास जावा म्हणून संध्याकाळी धूप आणि उदबत्ती सुरू केली, म्हणजे कुबट हवेत धुराचे कण मिसळले. भिंतीला ऑइलपेंट दिला. आत पाणी, वर रंगाचे कातडे. एका हंगामात पोपडे निघाले. प्रत्येक वेळी आम्ही नाकाला फसवत होतो.

या धुपावरून राजापूरजवळच्या आजोळची चूल आठवते. कोकणातली जुनी घरे दमट नव्हती असे नव्हे, पण त्यांच्या पोटात जून ते सप्टेंबर एक कोरडा गाभा जपलेला असे. पावसाआधी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून वाट काढत बाहेर पडे आणि जाता जाता वासे, रिपा, टांगलेल्या ताटीवरची आमसुले, बियाणाचे कणीस, सारे कोरडे ठेवी. बाळाची दुपटी शेगडीवर उलट्या घातलेल्या टोपलीवर वाळत. आजोबांच्या पोथ्या कापडात बांधून स्वयंपाकघराच्या लगतच्या फडताळात असत आणि त्यांना कधी बुरा आला नाही, हे घरात कौतुकाने सांगितले जाई. त्या फडताळाच्या अलीकडे चुलीपुढे बसलेली आजी पन्नाशीनंतर कायम खोकत असे. तिच्या खोकल्याची घराला इतकी सवय होती की ती माजघरातून येते आहे हे त्यावरूनच कळे. आता लाकडाच्या चुलीच्या धुराबद्दल सगळे माहीत झाले आहे. त्यातले सूक्ष्म कण किती खोल जातात आणि फुप्फुसांचे काय करतात, यावर शंका घ्यायला जागा राहिलेली नाही. पोथ्या टिकल्या. घराला जे टिकवायचे असते त्याची किंमत घरातल्या कोणाच्या तरी छातीतून वसूल होत असते, आणि ती छाती कोणाची असावी हे कोणी बसून ठरवलेले नसते. आजोळी ती आजीची होती. आमच्याकडे अकरा वर्षांच्या मुलीची.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात आर्द्रता काढणारे यंत्र आणले. त्याचे तत्त्व साधे आहे. पंखा खोलीतली हवा थंड नळ्यांवरून ओढतो, बाष्पाचे पाणी होऊन ते टाकीत ठिबकते, आणि कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून पुन्हा खोलीत येते. त्यामुळे खोली थोडी तापते, वीजही खाते. हा काही ऋषींचा आश्रम नव्हे. पहिल्या चोवीस तासांत त्याने सहा लिटर पाणी काढले. बादलीत ओतलेले ते पाणी पाहताना आम्ही गप्प होतो. इतके दिवस आम्ही हे श्वासातून घेत होतो, कागद तर पीतच होता. कागद मुळात तहानेला. हवेत बाष्प वाढले की ओढून घेतो, फुगतो, पाने लाटांसारखी होतात, आणि ६५–७० टक्क्यांच्या वर काही काळ राहिला की बुरशीला दुसरे निमंत्रण लागत नाही. आम्ही यंत्र ५५ वर लावतो. मुलीच्या खोलीत आणखी खाली आणता येते, दिवाणखान्यात भर पावसात तेवढेही जमले तरी पुष्कळ.

यंत्र आणले म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. यंत्र चालू असताना खिडकी उघडली तर सारा महाराष्ट्र कोरडा करायला बसल्यासारखे होते. आणि खिडकी बंद ठेवली तर तिघांचा उच्छ्वास आतच साठतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असतो, तर बंद खोलीत तिघे झोपले की पहाटेपर्यंत तो हजाराच्या बराच वर जातो आणि डोके जड होऊन जाग येते. वातानुकूलन यंत्र ताजी हवा आणते हा सार्वत्रिक गैरसमज. घरातले बहुतेक तीच हवा फिरवत राहते. आणि पाऊस संपला की डाव उलटतो. डिसेंबरात हवा कोरडी, खिडक्या उघडायला हरकत नसावी, तर नेमके तेव्हाच रस्त्याची धूळ आणि वाहनांचा धूर खाली बसलेला असतो. अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाचे २००९ चे मानक ४० आहे. ठाण्याच्या हिवाळ्याला यांतली कोणतीही मर्यादा ठाऊक नसावी. सारांश, खिडकी ही उघडी किंवा बंद अशी गोष्ट राहिलेली नाही. तिचे वेळापत्रक झाले आहे. पावसाळ्यात सरी थांबलेल्या दुपारी दहा-पंधरा मिनिटे, थंडीत ऊन चढल्यावर, फोडणीच्या वेळी नेहमी.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तेरा दिवस राहून कोरड्या निघाल्या, ही कथा आपण सगळे शिकवतो. तिच्यातला चमत्कार कोणता हे आम्हांला आता निराळे दिसते. बुडवलेली वही तरणे ठीक. पण बाहेर आल्यावर पाने चिकटली नाहीत, शाई पसरली नाही, बुरा धरला नाही, हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर आमच्या वह्या येतात. चिपळूणला २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराने पुस्तकांचे काय केले हे पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पूर निदान दिसतो, त्याच्या बातम्या होतात. जुन्या माणसांना ओलीचे हे संथ काम पक्के ठाऊक होते. जैन भांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून साफ करण्याची रीत आहे; चातुर्मास संपत आलेला, हवा कोरडी होऊ लागलेली. एका विधीत केवढी हवामानाची जाण भरली आहे! आमच्या मुंज-लग्नाच्या मुहूर्तांत अशी एखादी तिथी असती तर बरे झाले असते.

आम्हीही त्या वर्षी ज्ञानपंचमीनंतरच पुस्तकांना हात लावला. गच्चीवर, सावलीत, तोंडाला एन-९५ मुखपट्टी बांधून, मऊ ब्रशने, वाऱ्याकडे पाठ करून. मुखपट्टीवरून सोसायटीतले लोक हसले. चार-पाच महिन्यांनी सगळ्या जगाने ती बांधली. उन्हात ठेवण्याची चूक पूर्वी केलेली होती. पुठ्ठे वाकडे होतात, कागद पिवळा पडतो, आणि बुरशी मेली तरी तिचे अवशेष तितकेच त्रास देतात. पुस्तकांचे तीन गठ्ठे झाले. पहिला, फक्त धूळ असलेला, घरात परतला. दुसरा, डाग पडलेला पण वाचनीय, खोक्यांत बंद करून एका कोरड्या गावातल्या मित्राकडे. तिसरा वाचवण्यापलीकडचा. त्यात ‘सत्यकथे’चे बरेच अंक होते, बांधणीच्या खळीवर बुरशी आधी बसते, त्यामुळे जे अण्णांनी सर्वांत जपून बांधून घेतले होते तेच सर्वांत आधी गेले. ते एखाद्या वाचनालयाला देऊन टाकावे अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. आम्ही नकार दिला. दान म्हणून बुरशी पाठवणे आणि तिला साहित्यसेवा म्हणणे बरे दिसत नाही.

रद्दीवाल्याने गठ्ठा उचलला, तळहात फिरवला आणि म्हणाला, “बाई, माल ओला आहे. वजन जास्त दाखवतो. किलोमागे दोन रुपये कमी.” तीन वर्षे आमच्या नाकाला आणि डोळ्यांना जे कळले नव्हते ते त्याच्या तळहाताला एका क्षणात कळले. त्या गठ्ठ्यात एक अंक असा होता की ज्यात अण्णांचा पहिला लेख आला होता. तो काढून घ्यायचा की नाही यावर आम्ही जिन्यात हळू आवाजात भांडलो. शेवटी त्याची पाने फोनवर टिपली आणि अंक दिला. हा निर्णय बरोबर होता, असे आमच्यापैकी एकाला वाटते.

वह्या मात्र दिल्या नाहीत. एक्केचाळीसपैकी सहा खराब होत्या. त्या सीलबंद पिशव्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, झोपायच्या खोलीपासून लांब ठेवल्या आहेत. सगळ्या वह्यांची छायाचित्रे काढायला २०२० चे टाळेबंदीतले महिने कामी आले. कपाटे आता दोनच आहेत, भिंतीपासून वीतभर पुढे. त्यामागून झाडू फिरतो. मुलीच्या खोलीतले यंत्र २६ वर असते. गॅसवरचा पंखा आवाज करतो आणि आम्ही त्यावर आवाज चढवून बोलतो. तिला त्यानंतर रुग्णालयात न्यावे लागले ते एकदाच, आणि तेही परगावी. घरात इनहेलर आहे, तो राहील.

ती आता कॉलेजात जाऊ लागली आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती फोनवर आजोबांची बालकवींवरची टिपणे वाचत बसली होती. मधेच तिने पडदा आमच्यापुढे धरला. एका ओळीतली शाई पसरली होती आणि शब्द लागत नव्हता. आम्ही दोघांनी दोन वेगळे शब्द वाचले. मूळ वही काढून बघू या, असे एकाने म्हणताच तिने आधी मापकाकडे पाहिले. त्रेसष्ट होते. “आत्ता नको,” ती म्हणाली, “कार्तिकात बघू.” तेवढ्यात यंत्राने शिट्टी दिली. टाकी भरली होती. ती रिकामी करायची पाळी कोणाची, यावर थोडा वेळ चर्चा झाली.